धाकटा, मधला, थोरला: तीन रायफल स्कोपच्या काचेची तुलना, तारखेनुसार नोंदी

3 फेब्रुवारी

तिन्ही स्कोप आज एकदाचे एका टेबलावर आले. सगळ्यात स्वस्त 3-9×40 (म्हणजे 3 ते 9 पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग 40 मिलिमीटरचं), तो माझा. दुसरा पण 3-9×40च, किंमत त्याच्या साधारण तिप्पट, तो मित्राकडून महिनाभरासाठी आणलाय. तिसरा 2.5-10×42, तो काकांचा, आणि त्याची किंमत माझ्याच्या बारापट. कंपन्यांची नावं लिहित नाही कारण एकेका नगावरून कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही (हे किती खरं आहे ते शेवटी कळलं). या नोंदींपुरतं धाकटा, मधला आणि थोरला असं म्हणतो.

एकही स्कोप रायफलवर नाहीये आणि या सगळ्या कामात रायफल लागणार पण नाही. फक्त काच बघायचीय.

उत्साहात लगेच खिडकीत बसलो आणि हातात धरून समोरच्या टाकीवरची अक्षरं तिन्हीतून पाहिली. थोरला एकदम कडक, धाकटा पुसट, मधला पण जेमतेमच. स्कोप घ्यायच्या बेतात असलेल्या मित्राला तेव्हाच फोन करून सांगून टाकलं की स्वस्तातलं घेऊ नकोस, काच बेकार आहे. हे सांगायला नको होतं. एक तर खिडकीची काच बंद होती, आणि खिडकीची काच सरळ नसते, तिच्यातून नऊ पट मोठं करून बघितलं की तिचीच लहर दिसते. दुसरं म्हणजे धाकट्याच्या पुढच्या भिंगावर अंगठ्याचा ठसा होता, तो रात्री दिसला. ब्लोअरने धूळ उडवून मायक्रोफायबरने पुसला. आजचा निकाल रद्द.

4 फेब्रुवारी

जिग, म्हणजे तिन्ही स्कोप शेजारी शेजारी पकडून ठेवायची फळी, बनवायला घेतला. हातात धरून तुलना होत नाही, नऊ पटीत हाताचा कंपच दिसतो. फोटोच्या ट्रायपॉडवर पण एका वेळी एकच स्कोप बसतो आणि बदलेपर्यंत आधीचं डोळ्यातून गेलेलं असतं.

जाड प्लायची फळी, तिच्यावर लाकडाचे सहा व्ही ब्लॉक, प्रत्येक स्कोपला दोन. स्कोप पकडायच्या रिंगा घेतल्याच नाहीत, कारण दोन स्कोपची नळी 1 इंची आहे आणि थोरल्याची 30 मिलिमीटर, म्हणजे दोन प्रकारच्या रिंगा आल्या. व्ही ब्लॉकला नळीच्या मापाचं काही पडलेलं नसतं. वरून पट्टा ओढून बांधायचा, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. तो तुकडा मी पहिल्यांदा घातला नव्हता आणि धाकट्याच्या नळीवर पट्ट्याच्या बक्कलचा ओरखडा पडला. माझाच होता म्हणून वाचलो, काकांच्या स्कोपला झालं असतं तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

फळी हलते म्हणून खाली दोन वाळूच्या पिशव्या. तिन्ही स्कोप एकाच खुणेवर रोखायला दोन तास गेले, कारण ब्लॉकखाली पातळ पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत बसावं लागतं. टरेट (नेम सरकवायची वरची-बाजूची फिरकी) फिरवून रेटिकल (आतली नेमाची फुली) खुणेवर आणायचा मोह आवरा, टरेट टोकाला नेलं की आतली इरेक्टरची (चित्र सुलटं करणाऱ्या भिंगांची) नळी तिरकी होते आणि मग तुम्ही काचेच्या कडेचा भाग वापरता. टरेट मधोमध ठेवा आणि पूर्ण स्कोप हलवा.

खर्च जवळजवळ काही नाही, सगळं भंगारातलं. वेळ मात्र पूर्ण रविवार.

6 फेब्रुवारी

चार्ट छापला. अमेरिकन हवाई दलाचा 1951 चा तीन रेघांचा चार्ट, ज्यात रेघांचे गट लहान लहान होत जातात, प्रत्येक एलिमेंट (गटातला रेघांचा एकेक संच) आधीच्यापेक्षा साधारण 12 टक्के बारीक आणि सहा एलिमेंट पुढे गेलं की बरोब्बर निम्मा. उणे 3 गटाचा पहिला एलिमेंट म्हणजे एक काळी रेघ आणि एक पांढरी मिळून 8 मिलिमीटर. प्रिंटरने "पानात बसवा" चालू ठेवलं होतं त्यामुळे सगळं 96 टक्के आलं, ते व्हर्नियर लावल्यावर कळलं. तीन पानं वाया. छापल्यावर एकदा तरी मोजा. साधा मॅट कागद घ्या, चकचकीत कागदावर उन्हात काळी रेघ पण पांढरी दिसते.

11 फेब्रुवारी

चार्ट टेपने मोजून 100 मीटरवर लावला. सकाळी 11 ला सुरुवात केली आणि दुपारी 1 ला सोडून दिलं. जमीन तापलेली, हवा नुसती उकळत होती, रेघा पाण्याखाली असल्यासारख्या हलत होत्या आणि तिन्ही स्कोपमधून सारखंच वाईट दिसत होतं. आणखी एक रविवार गेला. यापुढे उजाडल्यापासून तासभर, किंवा मग पूर्ण ढगाळ दिवस.

दुपारचा वेळ अगदीच फुकट जाऊ नये म्हणून घरात बसून डायऑप्टर (रेटिकल आपल्या डोळ्याला टोकदार दिसावं म्हणून आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, फिरवून करायची सेटिंग) नीट लावले आणि तिथेच पहिल्या दिवसाची खरी चूक सापडली. मी चार्टकडे बघत बघत आयपीस फिरवत होतो. तसं करायचं नसतं. कोऱ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे स्कोप धरायचा (सूर्याच्या आसपासही नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो), दुसरीकडे बघायचं, मग झटकन आत एक-दोन सेकंद बघून रेटिकल लगेच टोकदार दिसतंय का एवढंच पाहायचं. जास्त वेळ टक लावली की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीची सेटिंग पण बरोबर वाटायला लागते. धाकट्याचा डायऑप्टर जवळजवळ दीड फेरा चुकलेला होता. म्हणजे 3 तारखेला जे "पुसट" म्हणालो त्यातला बराचसा भाग माझ्या सेटिंगचा होता.

13 फेब्रुवारी

आज बटर पेपर आणि टॉर्च, आणि मला हा भाग या सगळ्या कामात जास्त आवडला.

स्कोप 9 वर ठेवून उजेडाकडे तोंड केलं आणि आयपीसमागे बटर पेपरचा तुकडा पुढे-मागे करत गेलो. एका जागी कागदावर छोटीशी गोल चकती टोकदार होते, वाटाण्यापेक्षाही लहान, आजूबाजूला अंधार आणि मध्ये हा स्वच्छ उजेडाचा ठिपका. हा एक्झिट प्यूपिल. डोळ्यात जो उजेड जातो तो एवढाच. थोरल्याचा ठिपका कंपासने काढल्यासारखा, कड एकदम स्वच्छ. धाकट्याच्या ठिपक्याच्या बाहेर एक फिकट कोर दिसली, म्हणजे काळ्या जागेत पण थोडा उजेड सांडत होता. तेव्हा तिचं महत्त्व कळलं नाही, फक्त लिहून ठेवलं.

मग उलटं. अंधार करून टॉर्च अर्ध्या मीटरवरून आयपीसमध्ये मारला आणि पुढच्या भिंगासमोर कागद धरून उजेडाचा गोल मोजला. कागदोपत्री 40 मिलिमीटरचं भिंग असेल तर 40 चा गोल यायला हवा. धाकट्याचा आला 36. म्हणजे आत कुठेतरी एखादी रिंग कडेचा उजेड अडवते, 40 चं भिंग दिसायला आहे पण काम 36 चंच करतं. मधला 39, थोरला पूर्ण 42.

गोलाला ठिपक्याने भागलं की खरी पट मिळते. धाकटा: 36 भागिले 4.2, म्हणजे साधारण 8.6 पट. थोरला: 42 भागिले 4.6, म्हणजे 9.1. दोघांच्या पट बदलायच्या रिंगवर आकडा 9च! आणि ठिपक्याच्या क्षेत्रफळात 20 टक्के फरक. काचेचा दर्जा, कोटिंग या सगळ्याच्या आधीच थोरल्याला 20 टक्के जास्त उजेड मिळतोय आणि वर चित्र थोडं मोठं पण दिसतंय. त्यामुळे पुढे प्रत्येक टेस्ट दोनदा करायचं ठरवलं, एकदा आहे तसं, आणि एकदा थोरल्याच्या तोंडावर 36 मिलिमीटर भोकाचा काळा कागद लावून आणि त्याची पट 8.6 वर आणून.

17 फेब्रुवारी

पहाटे गेलो. हवा थंड, वारा नाही, चार्ट स्थिर.

नुसत्या डोळ्याने: धाकटा, उणे 3 गट, चौथा एलिमेंट. मधला, तोच. थोरला, तोच. कागद लावून पण तोच. काकांना बोलावलं, म्हटलं काका तुम्ही बघा, माझा डोळा थकला असेल. त्यांनी शांतपणे तिन्ही पाहिले, मग चष्मा काढून परत पाहिले आणि म्हणाले, "अरे, रेघा सारख्याच मोजता येतात. पण माझ्यातल्या काळ्या आहेत, तुझ्यातल्या करड्या." मी तेव्हा ते वाक्य नुसतं लिहून घेतलं. पुढच्या दोन आठवड्यांत जे काही मोजलं ते सगळं या वाक्यात आधीच होतं.

रेघा सारख्या का येतात ते हिशोबाने लगेच कळतं. चौथ्या एलिमेंटची जोडी 5.66 मिलिमीटर, 100 मीटरवर तो कोन होतो साधारण 11.7 आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), नऊ पटीने 105. चांगल्या डोळ्याची मर्यादा तिथेच कुठेतरी असते. म्हणजे अडतोय तो माझा डोळा. 40 मिलिमीटरच्या भिंगाला उजेडाच्या नियमांनी जी हद्द आहे ती 3 आर्कसेकंदाच्या आसपास, स्कोप त्यापेक्षा पुष्कळ वाईट असला तरी नऊ पटीत मला कळणारच नाही.

म्हणून आयपीसमागे 6 पटीचा छोटा मोनोक्युलर (एका डोळ्याची दुर्बीण) लावला, एकूण 50 पटीच्या वर. तो आयपीसच्या सरळ रेषेत धरणं महाकठीण, शेवटी पीव्हीसी पाइपच्या तुकड्याची खोबण करून बसवला, पाऊण तास गेला. पण मग फरक दिसला: धाकटा उणे 2 गट, दुसरा एलिमेंट. मधला उणे 2, चौथा. थोरला उणे 1, पहिला. धाकट्यापासून थोरल्यापर्यंत पाच एलिमेंट, म्हणजे जवळपास 1.8 पट बारीक. काच खरंच चांगली आहे. फक्त तो बारीकपणा नऊ पटीवर डोळ्यापर्यंत पोचत नाही.

18 फेब्रुवारी

कडा. चार्ट मधून सरकवत कडेला नेला. धाकट्यात मधल्या दोन-तृतीयांशानंतर रेघा विरघळायला लागतात. डायऑप्टर थोडा फिरवला तर कड टोकदार झाली आणि मध्य गेला, म्हणजे चित्र सपाट नाही, वाटीसारखं वाकलंय. थोरल्यात पण अगदी शेवटच्या पट्ट्यात थोडं विरघळतं, नाही असं नाही. नेम मधूनच धरायचा असतो त्यामुळे मी याला फार गुण देत नाही, इकडेतिकडे शोधत बघायचं असेल तर मात्र त्रास होतो.

रंगाची झालर, जांभळी आणि हिरवी, पांढऱ्या आकाशासमोरच्या तारेवर पाहिली. इथे मी अर्धा तास फसलो. थोरल्यात पण चक्क झालर दिसत होती आणि मी तसं लिहून टाकलं. नंतर कळलं की डोळा ठिपक्याच्या मधोमध नव्हता, दोन मिलिमीटर बाजूला होता. डोळा कडेला गेला की कुठल्याही स्कोपला झालर येते. हनुवटी टेकायला उशी ठेवली, डोळा स्थिर केला, थोरल्याची गेली, मधल्याची जवळजवळ गेली, धाकट्याची राहिली. झालर बघून कुणी स्कोपला नावं ठेवत असेल तर आधी डोळा कुठे होता ते विचारा.

20 फेब्रुवारी

कलता सूर्य. चार्ट अशा बाजूला की सूर्य चित्राच्या बराच बाहेर राहील पण त्याचं ऊन पुढच्या भिंगावर तिरकं पडेल. धाकट्यात डावीकडून दुधासारखा पडदा चढला आणि उणे 3 चा पहिला एलिमेंट सुद्धा दिसेना. मधल्यात अर्धा पडदा. थोरल्यात जरा फिकं झालं, बस.

घरी येऊन पुढच्या भिंगातून टॉर्चने आत पाहिलं. धाकट्याच्या आत भिंग पकडणारी रिंग चकचकीत, अंगठीसारखी चमकते, आणि भिंगाची कड काळी केलेलीच नाही. 13 तारखेची फिकट कोर हीच. कोटिंगचं सगळे बोलतात, आणि ते महत्त्वाचं आहेच, कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर 4 टक्के उजेड परत जातो आणि चांगल्या मल्टिकोटिंगने तो अर्ध्या टक्क्याच्या खाली येतो. पण खोक्यावर "फुली मल्टिकोटेड" दोन्हीच्या लिहिलंय. आतला काळा रंग मात्र खोक्यावर कुणीच लिहित नाही.

उपाय: काळ्या मॅट कागदाची 10 सेंटिमीटर लांब नळी करून धाकट्याच्या तोंडावर चढवली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिलं, पडदा निम्म्याहून जास्त गेला, मधल्याच्या जवळ आला. खर्च एक कागद. पहिली नळी आतून गुळगुळीत कागदाची होती, तिने उलट चमक वाढवली होती. कागद खरखरीतच पाहिजे.

24 फेब्रुवारी

संध्याकाळ. सूर्यास्तानंतर किती मिनिटांपर्यंत चार्टवरचा मोठा इंग्रजी "ई" कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते सांगता येतं, एवढंच बघायचं होतं. भाचा चार्ट फिरवायला तिकडे 100 मीटरवर, मी इकडे.

आजचा निकाल: धाकटा 18 मिनिटं, थोरला 29. अकरा मिनिटांचा फरक! मी खूश, काकांना पण सांगितलं. रात्री झोपताना लक्षात आलं की सगळं चुकलंय. धाकट्यातून दिसेना झालं तेव्हा वेळ लिहायला मी फोन उघडला, त्या उजेडाने डोळा दिपला, मग मधल्याकडे, मग थोरल्याकडे गेलो आणि धाकट्याकडे परत वळून पाहिलंच नाही. तोपर्यंत डोळा अंधाराला सरावला होता, त्याचा पूर्ण फायदा शेवटच्याला मिळाला.

25 आणि 26 फेब्रुवारी

पद्धत बदलली. स्कोपवर फडकी टाकली, काकांनी त्यांची जागा अदलाबदल केली, मला माहीत नाही कोण कुठे. दर मिनिटाला तिन्हीतून दहा-दहा सेकंद, क्रम प्रत्येक वेळी वेगळा. भाचा आता इकडेच, पाठमोरा बसून घड्याळ बघणार आणि फक्त आवाज देणार, "मामा, एकवीस झाली." फोन बंद. चार्ट फिरवायला मित्राला उभं केलं.

दोन संध्याकाळींची सरासरी: धाकटा 21, मधला 23, थोरला 25. थोरला कागद लावून 24. म्हणजे अकराचे चार राहिले, आणि त्यातलं एक मिनिट नुसतं भोकाच्या मापाचं. उजेड मोजत होतो तो दर तीन-चार मिनिटांनी निम्मा होत होता, अशा उतारावर 20 टक्के जास्त उजेड म्हणजे जेमतेम एक मिनिट, त्यामुळे हे जुळतंय. धाकटा 6 पटीवर आणला तर त्याला पण दीड-दोन मिनिटं जास्त मिळाली, फुकटात.

मग काकांचं वाक्य आठवलं. पांढऱ्यावर काळं "ई" ही फार सोपी परीक्षा आहे. करड्या कागदावर थोडा गडद करडा "ई" छापला आणि परत तेच केलं: धाकटा 15, मधला 19, थोरला 23. आठ मिनिटं. कागद लावून 22. इथे फरक खरा आहे आणि तो उजेडाचा नाही, आत सांडलेल्या उजेडाने काळं करडं होतं त्याचा आहे. बारापट पैसे जर कशाचे असतील तर या आठ मिनिटांचे. भर दुपारी पण हा करडा चार्ट सावलीत ठेवून पाहिला, थोरल्यात दिशा सांगता येते, धाकट्यात अंदाज करावा लागतो.

28 फेब्रुवारी

काचेचं नाही, पण फळी लावलेलीच होती म्हणून टरेट पण तपासले. धाकट्याचे पाव एमओएचे (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) 40 क्लिक, म्हणजे 100 मीटरवर 29.1 सेंटिमीटर सरकायला हवं, सरकलं 27.5. थोरल्याचे 0.1 मिलचे (मिल म्हणजे रेडियनचा हजारावा भाग) 30 क्लिक, बरोबर 30 सेंटिमीटर. ज्यांना टरेट फिरवून मारायचंय त्यांच्यासाठी हे वरच्या सगळ्या नोंदींपेक्षा मोठं आहे.

3 मार्च

ओळखीतल्या एकाकडे धाकट्याचंच मॉडेल निघालं, तेच खोकं, तोच आकडा. एक दिवसासाठी आणलं. टॉर्चचा गोल 38. मोनोक्युलर लावून उणे 2 गट, चौथा एलिमेंट, म्हणजे मधल्याच्या बरोबरीने! भिंगाची कड काळी केलेली. करडा "ई" 18 मिनिटं. महिनाभर मी जे "स्वस्त स्कोप" म्हणून लिहित होतो ते बरचसं माझ्या एका नगाबद्दल होतं. जिथून घेतला तिथे दोन्ही नगांची मापं दाखवली, बदलून देणार नाही म्हणाले, या किमतीत असंच येतं म्हणे. तो विषय तिथेच संपला. थोरल्याचा दुसरा नग मिळाला नाही, त्यामुळे त्यांच्यात फरक किती असतो ते या नोंदींत नाही.

9 मार्च

पहिल्या दिवशी ज्याला फोन केला होता त्या मित्राला सगळं परत सांगितलं, आणि त्याच्याबरोबर स्कोप घ्यायला गेलो. बटर पेपर, टॉर्च आणि प्लास्टिकची पट्टी खिशात. स्वस्तातलेच तीन नग मागवले, प्रत्येकाला पाचेक मिनिटं दिली, गोल आले 36, 38 आणि 38. दोन 38 वाल्यांपैकी एकाच्या ठिपक्याबाहेर फिकट कोर होती, एकाच्या नव्हती. कोर नसलेला घेतला. काळ्या कागदाची नळी त्याला मीच करून दिली.